काळीज कापले तर पुन्हा वाढते का?

गेल्या महिन्यात पाबळ रस्त्यावरच्या एका वाडीतून एक आजी माझ्या केंदूरच्या दवाखान्यात आल्या. वय ऐंशीच्या घरात, डोक्यावर पदर, गळ्यात तुळशीची माळ. स्वतःचे काहीच दुखत नव्हते. बाकावरचे सगळे पेशंट संपेपर्यंत त्या कोपऱ्यात बसून राहिल्या आणि मग आत येऊन म्हणाल्या, "डाक्टर, एक विचारते, राग मानू नका."

त्यांच्या मुलाला मी गेली बारा वर्षे मधुमेहासाठी तपासतो आहे. पन्नाशीतला गृहस्थ, घर माळकरी, दारूचा थेंब कधी तोंडात गेलेला नाही. तरीही दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पोटात पाणी झाले आणि तपासणीत सिरोसिस निघाला, म्हणजे यकृत आकसून कडक आणि गाठाळ झाले. मधुमेह आणि यकृतात साठलेली चरबी यांमुळेही सिरोसिस होतो. पण गावात कुजबूज झालीच, "माळ घालून चोरून पीत असंल." या सदरात मी हे पूर्वीही लिहिले आहे आणि पुन्हा लिहितो. लिव्हर खराब झालेला प्रत्येक माणूस दारुडा नसतो. असो.

आता पुण्याच्या डॉक्टरांनी यकृतरोपणाचा सल्ला दिला आहे आणि सव्वीस वर्षांचा नातू आपल्या यकृताचा भाग वडिलांना द्यायला तयार आहे. आजींचा प्रश्न त्याबद्दल होता.

"लेकासाठी नातवाचं काळीज अर्ध्याच्या वर कापून घेणार म्हंत्यात. आन् ते परत वाढतंय म्हंत्यात. घास हाय का तो, कापला की फुटायला? कोणी बघितलंय का वाढताना?"

मी पुस्तकात असते तसे उत्तर दिले. यकृत हा वाढणारा अवयव आहे, तीन महिन्यांत बहुतेक भरून येतो, वगैरे. आजींनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "ते झालं. पर बघितलंय कोणी?"

प्रश्न रास्त होता. त्यांचा एकुलता नातू टेबलावर जाणार होता. मी त्यांना जे सांगितले, आणि नंतर जुनी पुस्तके काढून जे पुन्हा वाचले, ते आज वाचकांपुढे ठेवतो.

आधी काळजाबद्दल दोन शब्द. मराठीत काळीज म्हटले की आपला हात छातीकडे जातो, पण मटणाच्या दुकानात काळीज मागितले तर खाटीक यकृत देतो, आणि त्याचेच बरोबर आहे. मोठ्या माणसाचे यकृत सव्वा ते दीड किलोचे असते. त्याला रक्त दोन वाटांनी येते. सुमारे पाऊण हिस्सा आतड्यांकडून येणाऱ्या एका मोठ्या शिरेतून येतो, तिला पोर्टल शीर म्हणतात. उरलेला पाव हिस्सा यकृताच्या धमनीतून येतो. यकृतात तयार झालेले पित्त एका बारीक नळीने आतड्यात उतरते. शीर, धमनी आणि पित्तनळी ही तीन नावे लक्षात ठेवली तर पुढचे सगळे समजेल.

यकृत वाढताना पाहिले कोणी? नीट मोजून, दुसऱ्या कोणालाही तसेच करून पाहता येईल अशा रीतीने पाहिले ते हिगिन्स आणि अँडरसन या दोघांनी. साल १९३१, ठिकाण अमेरिकेतल्या रॉचेस्टर गावचे मेयो क्लिनिक, आणि पाहिले ते पांढऱ्या उंदरात.

उंदराचे यकृत या कामाला फार सोयीचे आहे. माणसाचे यकृत एकसंध दिसते. उंदराचे मात्र पाकळ्यापाकळ्यांचे असते आणि प्रत्येक पाकळी आपापल्या बारीक देठावर असते. उंदराला गुंगी द्यायची, पोट उघडायचे, पुढच्या मोठ्या पाकळ्या हलक्या हाताने बाहेर घ्यायच्या, देठाला दोऱ्याची गाठ मारायची आणि गाठीच्या वर कापायचे. रक्तस्राव जवळजवळ होत नाही. या मोठ्या पाकळ्या म्हणजे यकृताचा दोन तृतीयांश भाग. पोट शिवले की उंदीर थोड्या वेळाने उठतो आणि खायला लागतो.

मग त्यांनी ठरावीक दिवसांनी यातले काही उंदीर मारून उरलेल्या यकृताचे वजन केले. समजा, मूळ यकृत नऊ ग्रॅमचे होते, कापल्यावर तीन ग्रॅम उरले. पहिल्या दोन-तीन दिवसांतच ते झपाट्याने वाढते, आणि आठ-दहा दिवसांत जवळजवळ मूळच्या वजनावर येते. हा प्रयोग आज नव्वद वर्षांहून अधिक काळ जगभरच्या प्रयोगशाळांत होत आला आहे आणि उत्तर तेच येते.

पण आजींच्या घासाच्या उपमेत एक चूक आहे, आणि ती त्यांना मुद्दाम सांगितली. घास जिथे कापला तिथेच फुटतो. यकृत तसे फुटत नाही. कापलेली पाकळी गेली ती गेलीच, तिच्या जागी काही उगवत नाही. जे मागे राहिले आहे त्यातल्या पेशी विभागतात आणि तो भागच मोठा होतो. दोन भाऊ परगावी गेले म्हणून घरी राहिलेल्या तिसऱ्याने सगळी शेती अंगावर घ्यावी, तसे. म्हणून यकृत दिलेल्या माणसाचे सहा महिन्यांनी स्कॅन काढले तर यकृत पुरेसे भरलेले दिसते, पण आकार पूर्वीचा नसतो. ते पाहून कोणी घाबरू नये.

वाढायचा हुकूम देतो कोण? यासाठी पुढच्या काळात फार नाजूक शस्त्रक्रिया करण्यात आल्या. दोन उंदरांचे रक्ताभिसरण एकमेकांना जोडायचे आणि एकाचेच यकृत कापायचे. तेव्हा ज्याला हातही लावलेला नाही त्या दुसऱ्या उंदराच्या यकृतातल्या पेशीही विभागू लागल्या! म्हणजे हुकूम रक्तातून येतो. पुढे १९८४ साली जपानमध्ये नाकामुरा यांनी उंदराच्या रक्तातून अशा एका वाढकारक द्रव्याचा शोध लावला. यकृत पुरेसे झाले की वाढ थांबते, हे त्याहून महत्त्वाचे. न थांबणाऱ्या वाढीला आपण कर्करोग म्हणतो.

"मंग माझ्या लेकाचं का वाढत न्हाई?" आजींचा दुसरा प्रश्न. कारण त्यांच्या यकृतात जागोजाग चट्टे पडले आहेत. पेशी वाढायचा प्रयत्न करतात, पण चट्ट्यांच्या जाळ्यात अडकून त्यांच्या नुसत्या गाठी होतात. ताल फुटून वाळू पसरलेल्या वावरात बी पेरावे, तसे ते होते.

असे चट्टे कसे पडतात, हेही उंदरानेच दाखवले. उंदराची पित्तनळी एक मिलिमीटरहूनही बारीक असते. ती दोन ठिकाणी बांधून मधे कापली की पित्त तुंबते. उंदीर पिवळा पडतो आणि साधारण चार आठवड्यांत त्याचे यकृत सिरोसिससारखे होते. नुसते पित्त अडल्याने धडधाकट यकृताची महिन्याभरात ही गत होते.

इथे थोडे विषयांतर करतो, कारण ते लहान मुलांच्या जिवाशी निगडित आहे. काही बाळांमध्ये जन्मानंतर पित्तनळी बंद होत जाते. नवजात बाळाची साधी कावीळ पहिल्या दोन आठवड्यांत ओसरते. दोन आठवड्यांनंतरही बाळ पिवळे असेल आणि शी पांढुरकी, शाडूच्या मातीसारखी होत असेल, तर बाळाला कोवळे ऊन दाखवत घरी बसू नका, गळ्यात काविळीची माळ बांधू नका. जपानच्या डॉ. कासाई यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेली शस्त्रक्रिया या बाळांना वाचवू शकते, पण ती साठ दिवसांच्या आत झाली तर तिचा गुण चांगला येतो. उंदराच्या चार आठवड्यांवरून ही घाई का, हे ध्यानात येईल. मोठ्या माणसालाही डोळे पिवळे, अंगाला खाज आणि शौच पांढरट असे तीन एकत्र दिसले तर झाडपाला नको, आधी सोनोग्राफी करा. अडलेली नळी पाल्याने उघडत नाही.

आणखी एक युक्ती सांगण्यासारखी आहे. सिरोसिसमध्ये पोर्टल शिरेतला दाब वाढतो, अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात आणि फुटल्या की माणूस रक्ताची उलटी करतो. हा दाब उंदरात मोजूनमापून कसा वाढवायचा? उंदराची पोर्टल शीर सुमारे दोन मिलिमीटरची. तिच्या शेजारी सुमारे ०.९ मिलिमीटर जाडीची एक बोथट सुई आडवी ठेवतात, शीर आणि सुई दोन्ही मिळून दोरा बांधतात, आणि मग सुई हळूच काढून घेतात. शीर सुईइतकीच उघडी राहते. प्रत्येक उंदरात अरुंदपणा सारखा! माझ्या वडिलांनी पाट्याला फळी लावून पाण्याची बारी अशीच बेताची केलेली मला आठवते.

या उंदरांत १९८० च्या दशकात एक अनपेक्षित गोष्ट दिसली. दाब केवळ पुढे अडथळा असल्यामुळे वाढत नाही. मागून, आतड्यांकडून येणारे रक्तही वाढते. नुसता बांध नाही, तर वरून पूरही. प्रोप्रॅनोलॉल या जुन्या गोळीने हा पूर कमी होतो. पॅरिसच्या डॉक्टरांनी १९८१ साली माणसांत ती देऊन पुन्हा होणारा रक्तस्राव कमी होतो हे दाखवले होतेच, उंदराने त्यामागचे कारण उलगडायला मदत केली. आजींच्या मुलाला याच जातीची गोळी चालू आहे. मधे त्यांनी ती "नाडी हळू चालते" म्हणून स्वतःच बंद केली होती. तसे करू नये. नाडी फार मंदावली, चक्कर आली तर डॉक्टरांना विचारून मात्रा कमी करता येते. आणि सिरोसिसच्या रुग्णाने अंगदुखीची गोळी दुकानातून परस्पर घेऊ नये. काळी, डांबरासारखी शी झाली किंवा रक्ताची उलटी झाली तर रात्र आहे म्हणून सकाळची वाट पाहू नये.

प्राण्यांवरच्या प्रयोगातून नेहमी शहाणपणच मिळते असे मात्र नाही. १८७७ साली रशियात एक् या शल्यचिकित्सकाने कुत्र्याची पोर्टल शीर यकृताला वगळून थेट मोठ्या शिरेला जोडली. नंतर पावलोव यांनी, तेच घंटा आणि लाळेच्या प्रयोगाचे पावलोव, अशा कुत्र्यांना मांस खाऊ घातले तेव्हा कुत्री बावचळली, झिंगल्यासारखी चालू लागली. आतड्यातली घाण यकृतात न गाळता मेंदूकडे गेली की असे होते, हे त्यातून कळले. सिरोसिसचा रुग्ण बरळू लागतो, दिवसा झोपतो आणि रात्री जागतो, त्याचे मूळ तेच. पण त्या कुत्र्यांवरून वैद्यकाने असा निष्कर्ष काढला की अशा रुग्णाची डाळ, दूध, उसळ सगळे तोडावे. आम्हीही तेच शिकलो आणि पेशंटांना सांगितले. पुढे माणसांतच तपासून पाहिल्यावर कळले की प्रथिने तोडल्याने फायदा होत नाही, उलट दंड-मांड्या वाळतात आणि रुग्ण लवकर खचतो. आज सल्ला नेमका उलट आहे. डाळ, मूग, दही खा, रात्री झोपताना थोडे काही खा, आणि पोट साफ ठेवा. आमच्या परिसरात अजूनही किती घरांत लिव्हरच्या पेशंटला नुसत्या भाताची पेज आणि उसाचा रस देतात! मधुमेह असलेल्या माणसाला उसाचा रस!

आता मुख्य शस्त्रक्रियेकडे येऊ. रोपणात जुने यकृत पूर्ण काढायचे आणि नवे बसवायचे. मोठ्या प्राण्यांत, कुत्र्यांत आणि डुकरांत, हे आधी जमले. अमेरिकेचे डॉ. स्टार्झल यांनी १९६३ मध्ये माणसात पहिला प्रयत्न केला, आणि १९६७ पासून रुग्ण जगू लागले. पण शरीर परके यकृत का नाकारते, कोणते औषध उपयोगी पडते, हे तपासायला शेकडो शस्त्रक्रिया लागतात, आणि त्या उंदरातच शक्य होत्या. अडचण एकच होती, की दोन मिलिमीटरची शीर शिवायची कशी?

इथे सूक्ष्मदर्शक आला. १९६० साली अमेरिकेत जेकबसन आणि स्वारेझ यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दीड मिलिमीटरच्या आसपासच्या रक्तवाहिन्या शिवून दाखवल्या. त्यातूनच आजची सूक्ष्मशस्त्रक्रिया उभी राहिली. यातला सर्वांत बारीक दोरा केसाच्या निम्म्याहून कमी जाडीचा असतो. तो नुसत्या डोळ्यांना नीट दिसत नाही, श्वासाने उडतो, आणि हात थरथरला तर शीर फाटते. हे शिकणारे तरुण डॉक्टर आधी रबराच्या पातळ पत्र्यावर टाके घालतात, मग बाजारातून आणलेल्या कोंबडीच्या तंगडीतल्या रक्तवाहिनीवर हात बसवतात, आणि त्यानंतरच जिवंत प्राण्याकडे वळतात.

मूळचे कोरियाचे डॉ. सन ली यांनी सहकाऱ्यांबरोबर १९७३ साली उंदरातल्या यकृतरोपणाची पद्धत प्रसिद्ध केली. सगळे जोड टाक्यांनी. पण जुने यकृत काढल्यापासून नवे जोडेपर्यंत आतड्यांतले रक्त तुंबलेले असते. हा वेळ पंचवीस-तीस मिनिटांच्या वर गेला की उंदीर दगावतो. शिवणाऱ्याचा हात कितीही चालला तरी वेळ अपुरा पडे. मग १९७९ मध्ये केंब्रिजला डॉ. कामादा आणि डॉ. रॉय कान यांनी टाके बाजूला ठेवून नळीचे कडे वापरले. शेतकरी वाचकांना हे लगेच समजेल. ठिबकची नळी जोडताना आपण मधे जॉइनर घालतो, तसेच. शिरेचे टोक प्लास्टिकच्या इवल्याशा नळीतून ओढून घ्यायचे, पायमोजा दुमडावा तसे नळीवर उलटे दुमडायचे, वर दोरा बांधायचा. असे कडे लावलेली शीर दुसऱ्या शिरेच्या तोंडात सारली आणि बाहेरून एक गाठ मारली की जोड तयार. कित्येक टाक्यांचे काम क्षणात झाले. आजही जगभर उंदरात यकृतरोपण बहुधा याच तऱ्हेने होते.

पण पाहा, उंदीर इथेच माणसापासून वेगळाही होतो. उंदरात बहुतेकदा यकृताची धमनी जोडतच नाहीत. शीर जोडली की पुष्कळ उंदीर जगतात. माणसात धमनी बंद पडली तर पित्तनळ्या सडतात आणि नवे यकृत हातचे जाते. शिवाय उंदरांच्या काही जातींत परके यकृत एकाही औषधाशिवाय स्वीकारले जाते. माणसाला मात्र नाकारणी टाळायच्या गोळ्या सहसा जन्मभर घ्याव्या लागतात. उंदरावरून माणसाचा अंदाज बांधता येतो, पण त्यावर सही करता येत नाही.

जिवंत नातेवाइकाकडून यकृताचा भाग घेतात तेव्हा जोडायची धमनी दोन-तीन मिलिमीटरचीच असते. तिथे उंदरावर कमावलेला हात परत उपयोगाला आला. जपानमध्ये क्योतो येथे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सूक्ष्मदर्शकाखाली ही धमनी जोडण्याची रीत पडली, आणि ती बंद पडण्याचे प्रमाण खाली आले. भारतात पहिले यशस्वी यकृतरोपण १९९८ मध्ये दिल्लीला एका लहान मुलावर झाले. वडिलांनी यकृताचा भाग दिला होता.

आता पुण्याची गोष्ट, जिथे उंदीर कामाला आला नाही.

मी वैद्यकीय महाविद्यालयात असताना वॉर्डात दीड वर्षाचा एक मुलगा पाहिला होता. पोट पुढे आलेले, यकृत दगडासारखे, त्याची कड पात्यासारखी हाताला लागायची. आईने सांगितले की आधीची दोन मुले अशीच गेली. या आजाराचे इंग्रजी नावच भारतीय बाल सिरोसिस असे होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी इंग्लंडच्या डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्याबरोबर यावर काम केले. या मुलांच्या यकृतात तांबे बेसुमार साठलेले असते. ते येते कुठून? या मंडळींनी आयांना विचारले, बाळाला वरचे दूध कधी सुरू केले, ते कशात तापवता, कशात ठेवता? उत्तर होते पितळेच्या, तांब्याच्या, कल्हई उडालेल्या भांड्यात. दुधातली प्रथिने भांड्यातले तांबे ओढून घेतात. १९८३ साली त्यांचा निबंध लॅन्सेट या नियतकालिकात आला, १९८७ मध्ये आजारी आणि निरोगी मुलांच्या खाण्यापिण्याची तुलना आली, आणि तांबे बाहेर काढणारे पेनिसिलामाइन लवकर दिले तर काही मुले वाचतात हेही दिसले.

उंदराला तांबे चारून हा आजार उभा करायचे प्रयत्न झाले होते. साधा उंदीर भलताच चिवट निघाला. तांब्याने त्याच्या यकृताला आधी इजा होते, मग तो तांबे पचवायला शिकतो आणि चक्क सावरतो. केवळ उंदरावर विसंबून राहिलो असतो तर तांबे निर्दोष ठरले असते. नंतर जपानमध्ये उंदरांची एक जात सापडली, जिच्यात तांबे बाहेर टाकायची यंत्रणाच जन्मतः बिघडलेली आहे. त्या उंदरांचे यकृत तांब्याने खराब होते. पण पुण्याचा प्रश्न तोवर स्वयंपाकघरात सुटलेला होता. स्टीलची भांडी आली, आईच्या दुधाचा प्रचार झाला, आणि हा आजार आता जवळजवळ दिसेनासा झाला आहे. हल्ली तांब्या-पितळेच्या भांड्यांची हौस परत आली आहे आणि कल्हईवाला मात्र गावात फिरकत नाही. मोठ्यांनी तांब्यातले पाणी प्यावे, पण बाळाचे दूध त्यात ठेवू नये, आणि ताक-लिंबू तर कोणासाठीच ठेवू नये.

आजींना मी हे सगळे एका बैठकीत सांगितले नाही. त्या तीन वेळा आल्या. दुसऱ्या वेळी त्यांनी विचारले, "मंग त्या उंदरांचं काय?"

मी कायदा सांगितला. आपल्याकडे प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा १९६० चा आहे. त्याखाली केंद्र सरकारची समिती आहे, संस्थेत प्राण्यांसाठी नीतिसमिती लागते, किती उंदीर आणि कशासाठी हे आधी मंजूर करून घ्यावे लागते, आणि भूल दिल्याशिवाय अशी शस्त्रक्रिया करता येत नाही. आजी म्हणाल्या, "जीव तो जीवच." थोड्या वेळाने म्हणाल्या, "मंग पोरगं नीट तरी झालं पाह्यजे, न्हाईतर त्यांचं फुकट जायचं."

तिसऱ्या वेळी आकडे विचारायला नातूच बरोबर होता. मी त्याच्यापासून काही लपवले नाही. मोठ्या माणसाला देताना साधारण साठ टक्क्यांपर्यंत यकृत काढतात. घेणाऱ्याला त्याच्या वजनाच्या निदान ०.८ टक्के यकृत मिळावे लागते, म्हणजे साठ किलोच्या माणसाला ४८० ग्रॅम. देणाऱ्याकडे निदान तीस टक्के उरले पाहिजे. या दोन्ही हिशेबांत बसले तरच पुढे जायचे. देणारा आठवडाभर रुग्णालयात राहतो, जड काम दोन-तीन महिने बंद. आणि देणारे हजारात दोन ते पाच जण दगावतात, हेही सांगितले. रुग्णालयाने हे सांगितले नसेल तर लेखी विचारून घ्या म्हटले. १९९४ च्या अवयवरोपण कायद्याप्रमाणे त्याला शेवटच्या क्षणापर्यंत नाही म्हणता येते, हेही आजींच्या आणि त्याच्या आईच्या देखत सांगितले. तो म्हणाला, "मी नाही म्हणणार नाही, डॉक्टरकाका."

नाही म्हटले ते तपासणीने. नातवाच्या यकृतातही चरबी निघाली. प्रयोगात चरबीच्या यकृताचे उंदीर कापल्यानंतर उशिरा सावरतात आणि जास्त दगावतात, आणि माणसाच्या बाबतीतही डॉक्टर हा धोका पत्करत नाहीत. पुण्याच्या डॉक्टरांनी तीन महिन्यांत दहा किलो वजन उतरवून पुन्हा या म्हणून सांगितले आहे. तोवर वडिलांचे नाव पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या यादीतही घातले आहे, मेंदूमृत दात्याकडून मिळाले तर.

मुलगा कामाला लागला आहे. कोल्ड्रिंक, वडापाव बंद, सकाळी अंधारात वेळ नदीच्या पुलापर्यंत चालत जाऊन येतो. दर सोमवारी माझ्या दवाखान्यातल्या काट्यावर उभा राहतो. ८८ वरून सुरुवात झाली, गेल्या सोमवारी ८३ होते. आजी काट्यापर्यंत त्याच्याबरोबर येतात, आणि आकडा मला मोठ्याने वाचायला लावतात.